रोमन लोकांचे काचेचे चषक

घरांत काचेचा पेला हातांतून निसटून फुटला, तर पहिला प्रश्न कोणता निघतो? पेल्याची किंमत कोणी विचारीत नाहीं. "कोणी फोडला?" हाच प्रश्न सर्वांच्या तोंडीं येतो. आपल्या घरांतील बायका या बाबतींत अधिक शहाण्या आहेत. हातांतली बांगडी फुटली तर ती 'फुटली' असें त्या म्हणत नाहींत. ती 'वाढली' असें म्हणतात. अमंगळ शब्द टाळावा हा त्यांतला हेतु आहेच. परंतु फुटणें हा काचेचा स्वभावच आहे आणि त्याबद्दल कोणावर डोळे वटारण्यांत अर्थ नाहीं, हा समजूतदारपणाही त्यांत आहे. माझ्या अंगीं हा समजूतदारपणा फार उशिरां आला. तो कसा आला तें मी शेवटीं सांगेन. आज मला बोलावयाचें आहे तें सुमारें दोन हजार वर्षांपूर्वींच्या रोमन साम्राज्यांतील नक्षीदार काचपात्रांविषयीं, आणि तें बोलतां बोलतां हा फुटण्याचा प्रश्न आपल्यापुढें पुन्हां पुन्हां येणार आहे.

प्रथम काच म्हणजे काय तें थोडक्यांत पाहूं. वाळू, खार आणि चुना हे तिचे तीन घटक. नुसती वाळू वितळवावयाची तर इतकी प्रखर आंच लागते कीं, रोमन कारागिरांच्या भट्टीला ती साधण्यासारखी नव्हती. वाळूंत खार मिसळला म्हणजे ती कमी आंचेवर वितळते. हा खार इजिप्तमधील वादी-नट्रून या ठिकाणच्या खाऱ्या सरोवरांतून येई. त्याचें नांव नेट्रॉन. आपण पापडांत घालतों त्या पापडखाराच्याच जातीचा तो पदार्थ. काच पाण्यानें झिजूं नये म्हणून चुना लागतो, आणि तो समुद्रकांठच्या वाळूंत शिंपल्यांच्या चुऱ्याच्या रूपानें आयताच मिळे. फिनिशियाच्या किनाऱ्यावरील बेलस नदीच्या मुखाशीं असलेली वाळू या कामीं प्रसिद्ध होती, असें प्लिनी हा रोमन ग्रंथकार लिहितो. वाळूंत लोहाचा अंश असतो, त्यामुळें साधी काच हिरवट दिसते. तो हिरवेपणा घालविण्यासाठीं अँटिमनी किंवा मँगनीज, आणि निळा रंग आणण्यासाठीं तांबें किंवा कोबाल्ट घालावें, हें ज्ञान त्या कारागिरांना होतें. स्फटिकासारखी निर्मळ, बिनरंगी काच सर्वांत मानाची, असेंही प्लिनी सांगतो.

काच माणसाला त्यापूर्वींही अनेक शतकें ठाऊक होती. परंतु भांडें घडवावयाचें म्हणजे तें साच्यांत ओतून मग घासावें लागे, किंवा गाभ्याभोंवतीं वितळलेली काच गुंडाळून करावें लागे. काम मंद, माल थोडा आणि किंमत भारी. इसवी सनापूर्वीं सुमारें ५० या वर्षाच्या आसपास सीरिया आणि पॅलेस्टाइन यांच्या प्रदेशांत एक साधी युक्ति निघाली. पोकळ नळीच्या टोकाला वितळलेल्या काचेचा गोळा घ्यावयाचा आणि दुसऱ्या टोकाकडून फुंकावयाचें. जेरुसलेम येथील उत्खननांत त्या काळच्या काच-कामाचा टाकाऊ माल सांपडला असून, फुंकण्याच्या अगदीं आरंभींच्या प्रयत्नांचा पुरावा त्यांत आहे. साबणाच्या पाण्याचे फुगे काढणाऱ्या मुलाला जें सहज कळतें, तें कारागिराला कळण्यास शेंकडों वर्षें लागलीं. पण एकदां कळल्यावर काचेची सारी दुनियाच पालटली.

इसवी सनाच्या आरंभीं लिहिणारा भूगोलकार स्ट्रॅबो म्हणतो कीं, रोममध्यें काचेचा पेला एका तांब्याच्या नाण्याला मिळूं लागला आहे. पुढें प्लिनीनें नोंद केली ती अशी कीं, पिण्याच्या पात्रांतून काचेनें सोन्याचांदीला हुसकून लावलें. याचें एक कारण चवीचें. धातूच्या पेल्यांत मद्याला धातूचा वास लागतो, काचेला वास नाहीं. पेट्रोनियसच्या कादंबरींतील नवश्रीमंत यजमान ट्रिमाल्किओ आपल्या पाहुण्यांना हेंच सांगतो, आणि पुढें म्हणतो कीं, काच फुटत नसती तर ती मला सोन्याहून अधिक आवडली असती. फुटकी काचही वायां जात नसे. मार्शल या कवीच्या लिखाणांत गंधकाच्या काड्या देऊन फुटकी काच घेणाऱ्या फेरीवाल्याचा उल्लेख आहे. जुने कपडे घेऊन भांडीं देणारी आपली बोहारीण डोळ्यांपुढें आणली म्हणजे हा रोमन फेरीवाला ओळखीचा वाटूं लागतो. फुटकी काच पुन्हां भट्टींत जाई आणि नवा पेला होऊन बाजारांत येई.

आतां नक्षीकडे वळूं. फुंकण्याची कला निघाल्यानंतर थोड्याच काळांत, म्हणजे पहिल्या शतकाच्या पूर्वार्धांत, साच्यांत फुंकण्याची रीत निघाली. आंतून कोरलेल्या साच्यांत गोळा धरून फुंकला कीं काच साच्याच्या अंगाला जाऊन चिकटते आणि आकार व नक्षी एकदमच उमटतात. या कामांत नांवाजलेला कारागीर एन्निओन. त्याचा संबंध फिनिशियांतील सिडॉन या शहराशीं जोडतात. त्याच्या पेल्यांवर ग्रीक लिपींत "एन्निओननें केला" अशीं अक्षरें चौकटींत उमटविलेलीं आहेत. त्या काळीं कारागिराला समाजांत फारसें स्थान नव्हतें. तरीही या माणसानें आपलें नांव मालावर ठसठशीतपणें घातलें. इतकेंच करून तो थांबला नाहीं. कांहीं पेल्यांवर दुसऱ्या बाजूला "विकत घेणाऱ्याची आठवण राहो" अशा अर्थाचे शब्द आहेत. करणारा आणि घेणारा या दोघांनाही एकाच पेल्यावर जागा देणारा हा कारागीर मला मोठा सुसंस्कृत वाटतो.

याच रीतीनें केलेले, परंतु अगदीं निराळ्या गिऱ्हाइकांसाठीं असलेले पेले म्हणजे खेळांचे पेले. रथांच्या शर्यती आणि ग्लॅडिएटरांच्या झुंजी यांचें रोमन जनतेला वेड होतें. या पेल्यांवर रथ, घोडे, झुंजणारे वीर आणि त्यांचीं नांवें उमटविलेलीं असत. इंग्लंडमधील कोल्चेस्टर येथें सांपडलेला असा एक पेला ब्रिटिश म्युझियममध्यें आहे. त्यावर चार रथ धांवत आहेत आणि चार सारथ्यांचीं नांवें आहेत. हिएराक्स, ऑलिम्पस आणि अँटिलोकस यांच्यापुढें निरोपाचा शब्द आहे, म्हणजे ते हरले. क्रेस्केन्स याच्यापुढें जयजयकाराचा शब्द आहे, म्हणजे तो जिंकला. आवडत्या खेळाडूचें चित्र घरांत लावणाऱ्या आजच्या मुलांना हा पेला समजावून सांगण्याची गरज पडूं नये.

हे सारे पेले मध्यम किंवा साधारण किंमतीचे. आतां मी ज्या पात्रांकडे वळतों तीं त्यांच्याहून फार वरच्या कोटींतलीं. रोमन लोक अशा कोरींव पात्राला 'दिआत्रेता' म्हणत. आज विद्वान त्याला पिंजऱ्याचा चषक म्हणतात, आणि तें नांव यथार्थ आहे. आंत एक साधा गुळगुळीत पेला. त्याच्या बाहेर, त्याला न चिकटतां, काचेचीच एक नाजूक जाळी. जाळी आणि पेला यांच्यामध्यें मोकळी जागा असते, आणि मधून मधून असलेल्या काचेच्या बारीक खुंट्यांवर ती जाळी तोललेली असते. खुंट्या बहुधा जाळीच्या जोडांमागें दडविलेल्या असतात, त्यामुळें जाळी अधांतरीं तरंगते आहे असें वाटतें. पाहणाऱ्याला वाटावें कीं जाळी वेगळी करून मागाहून बसविली असेल. परंतु बहुतेक अभ्यासकांचें मत असें कीं, संपूर्ण पात्र एकाच जाड काचेंतून कोरून काढलेलें आहे. आधीं जाड भिंतींचा पेला तयार करावयाचा. कित्येकदां त्यावर निराळ्या रंगांच्या काचेचा थर चढवावयाचा. आणि मग फिरत्या चाकानें घासून घासून जाळी, अक्षरें आणि खुंट्या एवढेंच ठेवून बाकीची काच काढून टाकावयाची. कुंभाराला चुकलेली माती पुन्हां चाकावर घेतां येते. येथें तशी सोय नाहीं. काम नऊ हिस्से पुरें झालें असतां एक खुंटी तुटली तर सारें पात्र वायां.

जर्मनींतील कोलोन शहराच्या ब्राउन्सफेल्ड भागांत १९६० सालीं असा एक चषक मिळाला. उंची सुमारें १२ सेंटिमीटर, म्हणजे आपल्या पाणी पिण्याच्या पेल्याएवढी. आंतला पेला बिनरंगी, जाळी हिरवी, तिच्यावरची पट्टी पिवळी आणि त्याही वर तांबडीं ग्रीक अक्षरें. अक्षरांचा अर्थ असा : "पी, आणि सदैव सुखानें जग." इटलींतील मिलान येथील संग्रहालयांत असलेल्या त्रिवुल्झिओ चषकावर लॅटिन अक्षरें आहेत : "पी, पुष्कळ वर्षें जग." २०२० सालीं फ्रान्समधील ओतं या गांवीं एका दगडी शवपेटींतून असाच एक चषक निघाला, त्यावरही लॅटिनमध्यें "सुखानें जग" असा आशीर्वाद आहे. सर्वच जाळीचीं पात्रें पिण्यासाठीं होतीं असें मात्र नाहीं. अमेरिकेंतील कॉर्निंग येथील काच-संग्रहालयांत असलेल्या एका पात्राला धातूची पट्टी आणि टांगण्याचें साधन आहे, यावरून तें दिवा म्हणून टांगीत असावेत. परंतु ज्यांवर 'पी' असा शब्द आहे त्यांचा हेतु उघड आहे.

पाहा कीं, जी वस्तु क्षणांत फुटावयाची, तिच्यावर दीर्घायुष्याचा आशीर्वाद! रोमन लोकांना यांतला विरोध दिसत नसेल असें मला वाटत नाहीं. चौथ्या शतकांत आणखी एका तऱ्हेचीं पात्रें होत असत. पेल्याच्या किंवा वाडग्याच्या तळाशीं काचेच्या दोन थरांमध्यें सोन्याचा वर्ख ठेवीत आणि त्या वर्खांत नवरा-बायकोचीं चित्रें, संतांचीं चित्रें किंवा यहुदी लोकांचा सात शाखांचा दीपवृक्ष कोरीत. बाजूला ग्रीक शब्द असत, "पी, जग." रोमजवळच्या भुयारी दफनभूमींत हे सोनेरी तळ मोठ्या संख्येनें सांपडले आहेत. थडगें बंद करतांना ओल्या चुन्यांत पेल्याचा तळ दाबून बसवीत, म्हणजे आप्तांना आपली जागा ओळखतां येई. पेल्याची कड गेली, भिंती गेल्या. तळ राहिला, आणि त्यावरील "जग" हा शब्द मृताच्या उशाशीं राहिला.

आतां मूळ प्रश्नाकडे येतों. जाळी कोरतांना पात्र फुटलें तर तोटा कोणाचा? हा प्रश्न रोमन न्यायालयांपुढें आलेला असला पाहिजे, कारण तिसऱ्या शतकाच्या आरंभींच्या उल्पियन या थोर कायदेपंडितानें त्याचा निर्णय लिहून ठेविला आहे, आणि पुढें ५३३ सालीं सम्राट् जस्टिनियनच्या आज्ञेनें झालेल्या 'डायजेस्ट' या कायद्याच्या संग्रहांत तो जतन झाला. त्याचा आशय असा. एखाद्यानें कारागिराकडे जाळी कोरण्यासाठीं पेला दिला आणि तो कारागिराच्या अडाणीपणामुळें फुटला, तर नुकसानभरपाई कारागिरानें द्यावी. परंतु तो अडाणीपणामुळें फुटला नसून पेल्यांत मुळांतच सदोष तडे असतील, तर कारागिराला क्षमा असूं शकेल. म्हणूनच, उल्पियन पुढें सांगतो, अशा वस्तु हातीं घेतांना बहुतेक कारागीर आधींच करार करून घेतात कीं, हें काम आमच्या जोखमीवर नाहीं. आणि असा करार झाला असला म्हणजे त्यांच्यावर दावा चालत नाहीं.

हे चार शब्द वाचून माझ्या डोळ्यांपुढें एक सबंध दुकान उभें राहतें. गिऱ्हाईक पेला घेऊन येतो. कारागीर तो उजेडाकडे धरून फिरवून फिरवून पाहतो, नखानें टिचकी मारून नाद ऐकतो, आणि मग म्हणतो, "करतों, पण फुटला तर मजकडे बोट दाखवूं नका." आपला सोनार, आपला शिंपी, आपला जुन्या घड्याळांचा दुरुस्तकार यांच्या दुकानांत आपण हेंच ऐकत आलों आहोंत. उल्पियनचा मोठेपणा असा कीं, त्यानें फुटण्याचीं दोन कारणें वेगळीं केलीं. हात चुकला कीं माल चुकला, हें आधीं पाहा आणि मग दोष द्या.

राज्यकर्त्यांनाही या कारागिरांची किंमत कळली होती. ३३७ सालीं सम्राट् कॉन्स्टंटाइननें पस्तीस धंद्यांच्या लोकांना सार्वजनिक सेवांच्या ओझ्यांतून मुक्त करणारी आज्ञा काढली. तींत वैद्य, शिल्पी, चित्रकार, सोनार यांच्या जोडीला काच घडविणारे आणि जाळीचीं पात्रें कोरणारे यांचींही नांवें आहेत. कारण दिलें आहे तें शिक्षकाच्या मनाला फार भावतें : कला शिकण्यास सवड लागते, ती मिळाली म्हणजे हे लोक स्वतः अधिक निपुण होतील आणि आपल्या मुलांना शिकवितील.

परंतु कायदा झाला म्हणजे मनुष्याचा राग जातो असें नाहीं. त्याची साक्ष देणारी एक हकीकत सेनेका या तत्त्वज्ञानें रागाविषयींच्या आपल्या ग्रंथांत दिली आहे. ऑगस्टस सम्राटाच्या काळीं व्हेडियस पोल्लिओ नांवाचा एक अतिश्रीमंत गृहस्थ होता. त्याच्या घरीं सम्राट् जेवावयास आला असतां एका गुलाम पोरानें स्फटिकाचें एक पात्र फोडलें. तें खनिज स्फटिकाचें असो वा स्फटिकासारख्या काचेचें असो, फुटण्यांत दोघेही सारखेच. पोल्लिओनें हुकूम केला कीं, या पोराला तळ्यांतील माशांपुढें टाका. त्या तळ्यांत त्यानें मोठे, हिंस्र, सापासारखे मासे पाळलेले होते. पोरगा धरणाऱ्यांच्या हातांतून निसटला आणि सम्राटाच्या पायांशीं येऊन पडला. त्यानें जीवदान मागितलें नाहीं. माशांचें भक्ष्य होण्याऐवजीं दुसरें कसलेंही मरण द्या, एवढेंच त्याचें मागणें होतें. सम्राट् हादरला. त्यानें पोराला सोडून देण्याची आज्ञा केली, घरांतील सगळीं स्फटिकपात्रें आणवून आपल्या डोळ्यांदेखत फोडविलीं, आणि तें तळें बुजविण्यास सांगितलें.

एका पात्राची किंमत एका मुलाच्या प्राणाहून अधिक मानणारा मनुष्य आणि त्याला धडा देणारा राजा, असे दोघेही त्याच रोममध्यें होते. तरी हेंही विसरूं नये कीं, तो धडा द्यावयास सम्राट् पाहुणा म्हणून घरांत असावा लागला. ज्या घरीं सम्राट् जेवावयास गेला नाहीं, तेथल्या पोरांचें काय झालें असेल?

मग न फुटणारी काचच कां करूं नये? असाही विचार त्या लोकांना सुचला होता. प्लिनी आणि पेट्रोनियस या दोघांनींही एक गोष्ट दिली आहे. टायबेरियस सम्राटाच्या काळीं एका कारागिरानें वाकणारी, न फुटणारी काच शोधून काढली. पेट्रोनियसच्या कथेंत तो आपलें पात्र जमिनीवर आपटतो. पात्राला पोंचा पडतो. तो लहान हातोडीनें पोंचा काढून दाखवितो. सम्राट् विचारतो, ही विद्या आणखी कोणाला येते काय? कारागीर म्हणतो, कोणालाही नाहीं. तत्क्षणीं सम्राट् त्याचें डोकें उडवितो. कां, तर ही विद्या पसरली असती तर सोन्याची किंमत मातीएवढी झाली असती. प्लिनीच्या मतें ही गोष्ट जितकी बोलली जाते तितकी खात्रीची नाहीं, आणि आपणही ती तशीच घ्यावी. परंतु लोकांनीं ती रचावी आणि पिढ्यान्‌पिढ्या सांगावी यावरून एक गोष्ट कळते : काचेचें फुटणें त्यांच्या मनाला सदैव टोंचत होतें.

आतां एका चषकाविषयीं थोडें सविस्तर सांगितल्यावांचून माझें भाषण पुरें होणार नाहीं. तो लायकर्गसचा चषक. चौथ्या शतकांतला हा जाळीच्या जातीचा पेला ब्रिटिश म्युझियमनें १९५८ सालीं लॉर्ड रॉथशिल्ड यांजकडून घेतला. यावर जाळीऐवजीं आकृति कोरलेल्या आहेत. थ्रेस देशाचा राजा लायकर्गस यानें मद्यदेव डायोनायसस आणि त्याची सेविका अँब्रोसिया यांच्यावर हल्ला केला. अँब्रोसियानें पृथ्वीची करुणा भाकली, तेव्हां ती द्राक्षवेल झाली आणि त्या वेलीनें राजाला जखडून टाकलें. वेलींत अडकलेला, धडपडणारा राजा पेल्यावर स्पष्ट दिसतो.

या पेल्याचें खरें नवल रंगांत आहे. उजेड बाहेरून पडला असतां तो पाचूच्या खड्यापेक्षां फिका, मळकट हिरवा दिसतो. दिवा आंत ठेविला किंवा उजेड पाठीमागून आला म्हणजे तोच पेला माणकासारखा लालभडक होतो. द्राक्षाचा घड हिरव्याचा लाल होतो तसेंच हें, आणि विषय द्राक्षवेलीचा! या चमत्काराचें कारण शास्त्रज्ञांनीं सूक्ष्मदर्शकाच्या साहाय्यानें शोधून काढलें आणि १९९० सालीं तें प्रसिद्ध झालें. या काचेंत सोनें आणि चांदी यांचे अत्यंत बारीक कण आहेत. कण किती बारीक? असे चौदा हजार कण एका ओळींत ठेवावे तेव्हां कोठें एक मिलिमीटर भरेल. त्यांचें प्रमाणही नांवाला, काचेच्या दहा लाख भागांत चांदी सुमारें ३०० भाग आणि सोनें सुमारें ४० भाग. हे कण हिरवा प्रकाश विखरून परत पाठवितात आणि लाल प्रकाश आरपार जाऊं देतात. अशी रंग पालटणारी रोमन काच फारच थोडी मिळाली आहे. तेव्हां कारागिरांना ही कृति हुकमीपणें साधत नसावी. एखाद्या वेळीं भट्टी प्रसन्न होई, इतकेंच.

या काचेचा आपल्या देशाशीं संबंध होता काय? होता, आणि तो आपल्या महाराष्ट्राच्या वाटेनेंही होता. पहिल्या शतकांत इजिप्तमधील एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्यानें लिहिलेलें 'पेरिप्लस' नांवाचें जलप्रवासाचें पुस्तक उपलब्ध आहे. भडोच बंदरांत उतरणाऱ्या मालाच्या यादींत त्यानें मद्य, पोंवळें यांबरोबर घडविलेली नव्हे अशी कच्ची काचही दिली आहे. त्याच बंदराला पैठणहून गोमेदासारखे खडे आणि तगर म्हणजे धाराशिव जिल्ह्यांतील तेर येथून कापड गाड्यांत भरून जात असे. पैठण भडोचपासून वीस दिवसांच्या वाटेवर, आणि तेर पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांवर, असें अंतरही त्यानें दिलें आहे. उलट प्लिनी म्हणतो कीं, भारतांत फुटक्या स्फटिकाचीही काच करतात आणि म्हणून भारतीय काचेला तोड नाहीं. घडविलेलीं पात्रेंही पूर्वेकडे आलीं. अफगाणिस्तानांतील बेग्राम येथें १९३७ आणि १९३९ सालीं फ्रेंच संशोधकांना बंद केलेल्या दोन खोल्या सांपडल्या. त्यांत रंगीत चित्रें काढलेले काचेचे चषक होते; त्यांवर शिकारीचे देखावे, झुंजणारे ग्लॅडिएटर आणि ट्रॉयच्या युद्धांतले वीर आहेत. एका पात्रावर तर अलेक्झांड्रियाचा सुप्रसिद्ध दीपस्तंभ काचेनेंच उठावांत उभा केलेला आहे. समुद्र आणि डोंगर ओलांडून इतक्या दूर हीं पात्रें अभंग पोहोंचलीं याचें श्रेय जसें कारागिराला, तसेंच तीं पेंढ्यांत बांधणाऱ्या, जहाजांत चढविणाऱ्या आणि जनावरांवर लादणाऱ्या अनामिक हातांनाही आहे.

आतां आरंभीं दिलेलें वचन पुरें करतों. मी शाळेंत शिकवीत असतांना शास्त्राच्या कपाटाची किल्ली मजकडे असे. सातवींतल्या एका मुलाच्या हातांत चंचुपात्र दिलें होतें. पाणी तापवितांना तें तळाशीं तडकून फुटलें. मीं त्याला वर्गासमोर उभें केलें, धांदरट म्हटलें, आणि भरपाईचे पंधरा रुपये घरून आणावयास लावले. त्यानें तीन हप्त्यांनीं ते आणून दिले. तेवढ्यावरून मला घरची परिस्थिति कळावयास हवी होती. पुढें उन्हाळ्याच्या सुटीपूर्वीं कपाट आवरतांना त्याच खेपेचीं राहिलेलीं चंचुपात्रें मीं खिडकीच्या उजेडांत धरलीं. सहांपैकीं चारांच्या तळाशीं केसासारखे तडे होते. माल येतांनाच तडकलेला होता. तोंवर तो मुलगा शाळा सोडून वडिलांबरोबर परगांवीं गेला होता. ते पंधरा रुपये मला त्याला परत करतां आले नाहींत, आणि वर्गासमोर उच्चारलेला शब्द तर मुळींच परत घेतां आला नाहीं.

निवृत्त झाल्यावर वाचनालयांत बसून मीं उल्पियनचा तो निर्णय प्रथम वाचला तेव्हां मला त्या मुलाची आठवण झाली. पात्र उजेडाकडे धरून पाहा, मग बोला, इतकें साधें तें शहाणपण होतें. अठराशें वर्षांपूर्वीं तें लिहून ठेविलेलें असतांना मीं मात्र किल्ली हातांत घेऊन न्याय केला.

श्रोतेहो, उद्यां तुमच्या घरीं एखाद्या लहान हातांतून पेला निसटला, तर आधीं तो हात कापला नाहीं ना तें पाहा. मग तुकडे गोळा करा, आणि ते उजेडांत धरून बघा. कदाचित् तडा जुना असेल. आणि नसला तरीही पेला वाढला असेंच म्हणा.